भजनाला कॉर्ड लावताना सा जागचा हलू नये म्हणून

सिंदेवाहीकडच्या एका तरुण पेटीवाल्याने विचारलं आहे: "काका, मी आमच्या गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. पट्टी काळी एक. यंदा धान विकल्यावर कीबोर्ड घेतला. मोबाइलवर पाहून मेजर-मायनर कॉर्ड पाठ केले, बोटंही बरोबर पडतात. पण भजनात धरले की म्हातारे म्हणतात, 'बाबू, बाजा कमी कर, सूर भटकून राह्यला.' भैरवीत तर पार बिघडते. भैरवी मायनर असते म्हणून मी मायनरचेच कॉर्ड धरतो. चुकते कुठं? आणि पेटी सोडून कीबोर्डच धरू का?"

बाबू, तुझ्या मंडळातल्या म्हाताऱ्यांचा कान पक्का आहे. कॉर्डची, म्हणजे एकदम धरायच्या सुरांची, बोटं बरोबर पडूनही गाणाऱ्याचा सा जागचा हलू शकतो, आणि तुझ्याकडे बहुतेक तेच होत असावं. मी वडशाच्या बाजूला झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन आणि कीबोर्ड वाजवत आलो. हंगाम संपला की गावोगावच्या मंडळांसोबत पेटीवर बसतो. दोन्हीकडे कॉर्डचं काम वेगळं आहे. हा फरक कळला की तुझी निम्मी अडचण सुटते, म्हणून जरा लांबलचक सांगतो.

सगळ्यात आधी एक साधी तपासणी कर. मंडळाची पेटी आणि तुझा कीबोर्ड एकाच सुरात आहेत का? कीबोर्ड कारखान्यातून येतो तेव्हा बहुधा मधल्या पांढरी सहाला, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला, सेकंदाला ४४० कंपनं धरलेली असतात. गावातली जुनी पेटी तशी असेलच असं नाही. दोन्हींवर काळी एक एकदम दाबून धर आणि ऐक. आवाज सपाट राहिला तर ठीक. 'वांव-वांव' अशी लहर आली तर दोन्ही सुरांत तफावत आहे. सेकंदाला दोन लहरी म्हणजे दोन कंपनांचा फरक. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग थोडं वर-खाली करता येतं, लहर थांबेपर्यंत फिरव. हे ट्रान्सपोजच्या बटणाने होत नाही, ते बटण अख्खी पट्टी बदलतं. ही तपासणी न करता कॉर्डची थिअरी उगाळण्यात अर्थ नाही.

आता कॉर्ड. मोबाइलवर तुला सी, डी, ई अशी नावं पाठ करायला लावतात. बँडमध्ये वाजवणाऱ्याला ती लागतात, तुला सध्या लागत नाहीत. तू सरगममध्ये विचार करतोस, तर कॉर्डही सरगममध्येच मोज. कोणत्याही सुरावर बोट ठेव. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत चौथ्या पट्टीवर दुसरं बोट ठेव, तिथून पुढे तिसऱ्या पट्टीवर तिसरं. चार आणि तीन, हा मेजर. उलट केलं, आधी तीन आणि मग चार, की मायनर. तुझ्या काळी एकवर मेजर म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी चार. सरगममध्ये सा, शुद्ध ग, प. मधलं बोट एक पट्टी खाली, पांढरी तीनवर आणलं की कोमल ग लागला आणि मायनर झाला. तीन-तीन मोजलं तर डिमिनिश्ड. चार-चार मोजलं तर ऑगमेंटेड, तो भजनात लागत नाही, सोडून दे. कुठल्याही पट्टीत, कुठल्याही सुरापासून हेच माप.

हे तीन सूर एकमेकांत का मिसळतात, ते तंबोऱ्याजवळ बसलास तर कानानेच कळेल. नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून बारीक गंधार ऐकू येतो. तो कोणी वाजवलेला नसतो, साच्या तारेतच असतो. तारेच्या मूळ कंपनाबरोबर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही निघतात. त्यातली तिप्पट पंचमाची आणि पाचपट गंधाराची. म्हणून सा, ग, प यांचं नातं ४, ५, ६ असं साध्या आकड्यांचं आहे. सा २४० धरला तर ग ३०० आणि प ३६०. मेजर कॉर्ड म्हणजे एका साच्या पोटातले सूर बाहेर काढून मोठ्याने वाजवणं.

पण तुझ्या कीबोर्डवरचा ग ३०० नाही, सुमारे ३०२.४ आहे. पेटी आणि कीबोर्ड या दोन्हींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, कारण त्यामुळे कुठलीही पट्टी सा धरून वाजवता येते. या सोयीची किंमत गंधाराला मोजावी लागते. पंचम जवळजवळ जागेवर राहतो, गंधार मात्र चढतो. एका पट्टीच्या अंतराला १०० सेंट म्हणतात, त्या मापाने नैसर्गिक शुद्ध गंधार ३८६ वर आणि कीबोर्डचा ४०० वर. कोमल गंधाराचं उलटं, नैसर्गिक ३१६ वर आणि कीबोर्डचा ३०० वर, म्हणजे उतरलेला. तंबोऱ्याच्या नाहीतर नुसत्या साच्या आधाराने गाणारा गळा नैसर्गिक गंधाराकडे झुकतो. त्याने गंधारावर मुक्काम केला आणि त्याच वेळी तू कॉर्डमधला गंधार दाबून धरला, तर एकाच नावाचे दोन सूर शेजारी-शेजारी वाजतात. गंधार तिथल्या तिथे निसटला तर ऐकणाऱ्याला कळत नाही, पण पेटीचा आवाज भाता चालू असेपर्यंत लांबत राहतो, त्यामुळे तो खटका कानात बसतो. पियानोवर हाच कॉर्ड लगेच विरतो, म्हणून तिथे इतकं जाणवत नाही. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तिच्यामागच्या आक्षेपांत या ठोकळेबाज सुरांचा आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, न निघण्याचा मुद्दा मोठा होता. पेटी आज सगळीकडे आहे ते ठीकच आहे, पण आक्षेप खरा होता हे कॉर्ड धरणाऱ्याने तरी विसरू नये.

यावर इलाज सोपा आहे. गाणारा गंधारावर थांबतो तिथे तू गंधार सोड. फक्त सा आणि प धर. कॉर्ड अपुरा वाटेल असं तुला वाटतं, पण तिसरा सूर गाणाऱ्याच्या गळ्यातून येत असतो आणि तो तुझ्या कीबोर्डपेक्षा खरा असतो. मेजर की मायनर हे तो ठरवतो. पुढे जे कॉर्ड सांगतो आहे, ते सगळे गरज पडेल तेव्हाच पूर्ण धरायचे. एरवी दोन सुरांवर काम चालव.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

बिलावलच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांच्या चालीत तीन मेजर कॉर्ड निघतात: साचा सा-ग-प, मध्यमाचा म-ध-सा, पंचमाचा प-नी-रे. सातही सूर या तिघांत येऊन जातात, म्हणून जगभरची असंख्य साधी गाणी या तिघांवर चालतात. मध्यमाच्या कॉर्डमध्ये सा असतोच, त्यामुळे तिथे गेलं तरी घर फार दूर वाटत नाही. पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध नी असतो, तो साच्या एकच पट्टी खाली आहे आणि वर चढायला उतावीळ असतो. तो कॉर्ड धरला की कान साची वाट पाहतो, सा आला की सुटल्यासारखं वाटतं. हार्मनीचं सगळं कसब या जाण्या-येण्यात आहे. पाश्चात्त्य संगीतात तर पुढे जाऊन सा सुद्धा बदलतात, एका घरातून निघून दुसऱ्या घरात मुक्काम करतात आणि परत येतात. त्यासाठीच त्यांचे कॉर्ड घडले आहेत.

आपल्या भजनात सा बदलत नाही. खळ्यात मेढ गाडलेली असते आणि पातीचे बैल तिच्याभोवती फिरतात, तसा सा मध्ये आणि बाकी सूर त्याच्याभोवती. टाळकरी, मृदंगवाला, मागचे झीलकरी सगळे तिच्या भरवशावर चालतात. आणि तू कॉर्ड धरतोस तेव्हा नकळत ती मेढ उपटून दुसरीकडे रोवत असतोस.

विश्वास बसत नसेल तर आज संध्याकाळी हे करून पाहा. सोपं जावं म्हणून पांढरी एक सा धर. मालकंसाचे सूर काढ: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. डाव्या हाताने सा आणि म धरून उजव्या हाताने या पाच सुरांत सावकाश फिर. मालकंस गंभीर उभा राहील. आता उजवा हात तेच सूर त्याच क्रमाने वाजवू दे, फक्त डाव्या हाताने सा-म सोडून काळी चार, पांढरी एक आणि काळी दोन हा कॉर्ड धर. हा कोमल धैवताचा मेजर कॉर्ड आहे, त्यातला एकही सूर मालकंसाबाहेरचा नाही. तरी दोन-तीन वेळा फिरलास की मालकंस नाहीसा होईल आणि भूप वाजू लागेल, काळी चार सा धरलेला भूप. सूर तेच पाच आहेत, पण कानाने सा बदलला.

म्हणून 'रागातलेच सूर असलेला कॉर्ड चालतो' हा जो नियम मोबाइलवर सांगतात तो अर्धाच खरा आहे. कॉर्ड आपल्या मूळ सुराला सा बनवू पाहतो. मेजर कॉर्ड तर जास्तच, कारण तो एका सुराच्या पोटातून निघालेला आहे. भजनाला कॉर्ड लावणाऱ्याने दर वेळी स्वतःला विचारावं: मी हा कॉर्ड धरला तर गाणाऱ्याचा सा कुठे जाईल?

भूपाचंच बघ. सा, रे, ग, प, ध हे पाच सूर. त्यांतून पूर्ण कॉर्ड दोनच निघतात, साचा मेजर आणि धैवताचा मायनर. म आणि नी रागातच नसल्यामुळे बिलावलचे म-ध-सा आणि प-नी-रे इथे परके आहेत. ते धरले की चाल सिनेमातल्या गाण्यासारखी गोड लागते, पण भूप राहत नाही. भूपात बांधलेल्या भजनाला मी सा-प वर सगळा वेळ काढतो. ओळ धैवतावर थांबली तर फार तर धैवताच्या मायनरचा हलका स्पर्श, आणि लगेच परत. गाणारा पंचमावर थांबला की प आणि वरचा रे, एवढंच. यातला गंधार, निषाद तू भरायला जाऊ नको.

आता तुझी भैरवी. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. साचा कॉर्ड सा-कोमल ग-प, म्हणजे मायनर, इथपर्यंत तू बरोबर आहेस. पण मोबाइलवरच्या धड्यात मायनरसोबत जे दोन कॉर्ड शिकवतात ते म्हणजे मध्यमाचा मायनर आणि पंचमाचा मेजर. तुझ्या काळी एकच्या पट्टीत हा पंचमाचा मेजर काळी चार, पांढरी एक, काळी दोन असा पडतो. त्यातली पांढरी एक म्हणजे शुद्ध नी, काळी दोन म्हणजे शुद्ध रे. भैरवीचा जीव ज्या कोमल रे आणि कोमल नी मध्ये आहे, नेमके त्यांच्याच शेजारचे दोन सूर तू गाणाऱ्याच्या कानाशी दाबून धरतोस. तो कोमल रे घेऊन सा-कडे उतरतो आहे आणि तुझा कीबोर्ड शुद्ध रे ओरडतो आहे. म्हातारे 'बाजा कमी कर' म्हणाले हे त्यांचं मोठेपण.

पाश्चात्त्य मायनरमध्ये शुद्ध नी मुद्दाम घेतात, खालून सा-कडे ढकलायला. भैरवी सा-कडे वरून येते, कोमल रे वरून. म्हणून भैरवीत घरी आणणारा कॉर्ड कोमल रिषभाचा मेजर आहे: कोमल रे, म, कोमल ध. काळी एकला पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा. तो धरून साच्या मायनरवर उतर आणि ऐक, ओळ संपल्याचं समाधान तिथे आहे. स्पेनमधल्या फ्लॅमेंको गिटारवर अर्ध्या सुराचा हाच उतार ऐकू येतो, फक्त तिकडे शेवटचा कॉर्ड बहुधा मेजर असतो. दुसरा पर्याय कोमल निषादाचा मायनर: पांढरी सात, पांढरी दोन, काळी तीन. हा जास्त मवाळ आहे, संथ भजनाला मला तो जास्त आवडतो. मध्यमाचा मायनर, काळी तीन, पांढरी सहा, काळी एक, निर्धास्त वापर, त्यात सा आहे. पंचमावर खुद्द भैरवीच्या सुरांतून डिमिनिश्ड निघतो, तो भजनात धरू नको, पंचमावर सा-प पुरे.

कोमल धैवताचा मेजर मात्र सांभाळून. गोड आहे, लगेच हाताला लागतो, आणि धोकाही तिथेच आहे. भैरवीचे सातही सूर कोमल धैवतापासून मोजले तर सरळ बिलावल होतं. त्या कॉर्डवर एक-दोन आवर्तनं रेंगाळलास की ऐकणाऱ्याच्या कानात सा तिकडे सरकतो. मग गाणारा खऱ्या सावर येऊन थांबला तरी ओळ अधांतरी लोंबकळल्यासारखी वाटते. एखादी मात्रा स्पर्श करून निघून ये.

आणि भजनातली भैरवी चार कोमल सुरांत बांधलेली राहत नाही. रंगात आलेला गायक शुद्ध रे लावतो, शुद्ध नी लावतो, कधी तीव्र मही. त्याचा मूड तसा दिसला की सगळे कॉर्ड सोडून सा-प वर बस. त्याला मोकळं रान दे.

कॉर्ड कधी बदलायचा, यात तुझी दुसरी अडचण असावी असा माझा अंदाज आहे. नवशिका प्रत्येक सुराला कॉर्ड शोधतो. चालीत रे आला की रेचा, प आला की पचा. असं कधीच करायचं नसतं. सूर येतात-जातात, कॉर्ड मुक्कामाला लागतो. एक ओळ घेऊ, मीच तुझ्यासाठी जुळवली आहे, काफीच्या सुरांत, ग आणि नी कोमल, आठ मात्रांचा भजनी ठेका. एक ओळ म्हणजे एक आवर्तन, पहिली मात्रा सम आणि पाचवी खाली:

सा रे ग म । प ऽ म प
म ग रे सा । रे ऽ ऽ ऽ
रे म प ध । नी ध प ऽ
म ग रे ग । सा ऽ ऽ ऽ

आधी काही न धरता गा आणि गळा कुठे थांबतो ते पाहा. दुसऱ्या आवर्तनात रे वर, तिसऱ्यात प वर, चौथ्यात सा वर. एवढ्याच जागा कॉर्डच्या आहेत. पहिलं आवर्तन पूर्ण साच्या मायनरवर, म्हणजे काळी एक, पांढरी तीन, काळी चार. त्यात रे, म येतात ते येऊ दे, ते वाटेवरचे सूर आहेत. दुसऱ्या आवर्तनातही तोच कॉर्ड चालू ठेव आणि पाचव्या मात्रेला, खालीला, गळा रे वर टेकतो तिथे बदल. कोणता धरशील? रेचा मायनर म्हणशील. धरून पाहा, ओळ तिथेच संपल्यासारखी वाटते आणि पुढची ओळ परकी होते. त्याऐवजी कोमल निषादाचा मेजर धर: पांढरी सात, काळी दोन, काळी तीन. त्यात रे आहे म्हणून गळ्याला आधार मिळतो, आणि तो पुढे जायला सांगतो, थांबू देत नाही. तिसऱ्या आवर्तनाच्या समेला मध्यमाचा मेजर: काळी तीन, काळी पाच, काळी एक. खालीला पुन्हा साचा मायनर. पंचमाची विश्रांती त्यावर छान बसते. चौथ्यात समेला निषादाचा, खालीला साचा. संपलं.

बत्तीस मात्रांत पाच वेळाच हात हलला, आणि प्रत्येक वेळी समेला किंवा खालीला. मध्येच, तिसऱ्या किंवा सातव्या मात्रेला कॉर्ड बदलशील तर मृदंगवाल्याची सम डळमळेल. त्याचा ठेका बरोबर असूनही लोकांना तो चुकतोय असं वाटेल. हे टाळायची जबाबदारी तुझी आहे. तुला हे पाचही जास्त वाटले तर दोनच ठेव, दुसऱ्या ओळीच्या शेवटचा निषाद आणि शेवटचा सा. ओळ तरीही उभी राहते.

हाताबद्दल थोडं. कॉर्ड बदलताना अख्खा हात उचलून दुसरीकडे टाकू नको. सा-ग-प वरून मध्यमावर जाताना अंगठा सावरच ठेव आणि बाकी दोन बोटं एकेक पाऊल वर सरकव: सा-म-ध. तो मध्यमाचाच कॉर्ड आहे, नुसता उलटा बसलेला. सा-ग-प वरून पंचमावर जाताना करंगळी प वर ठेव आणि बाकी दोन खाली आण: मंद्र नी, रे, प. जो सूर दोन्ही कॉर्डमध्ये आहे तो सोडायचा नाही, आवाज सलग राहतो. आणि खर्जात तीन सूर एकत्र दाबायचे नाहीत. खालच्या सप्तकात सा-ग-प जवळजवळ धरले की नुसती घरघर होते. खाली सा-प किंवा सा आणि त्याच्या वरचा सा, गंधार घ्यायचाच असेल तर मधल्या सप्तकात.

पेटीवर तर ही काटकसर सक्तीचीच आहे. युरोपातून आलेलं मूळ वाद्य पायाने हवा भरायचं होतं, दोन्ही हात मोकळे. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याची हाताने भाता मारायची बैठी पेटी केली आणि ती आपल्या बैठकीत शिरली. पण त्यात एक हात भात्यावर गेला. उरलेल्या एका हाताने चालही वाजवायची आणि कॉर्डही धरायचा, तर करंगळी-अनामिकेवर चाल आणि अंगठ्यावर सा किंवा प, एवढंच नीट जमतं. डबल रीडच्या पेटीवर कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी कळ) टाकून तीन सूर दाबलेस तर भाता भराभर रिकामा होतो, हवा कमी पडते आणि सूर बसका लागतो. झाडीपट्टीत आम्ही ऑर्गन वाजवतो तो पायपेटीचा, म्हणून तिथे दोन्ही हात चालतात.

नाटकाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण तू पुढेमागे इकडे वाजवायला येशीलच. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की रात्र-रात्र प्रयोग असतात, आणि तिथे सा हलवणं हेच आमचं काम असतं. खलनायक आला, पत्र फाटलं, लेक घर सोडून निघाली, तिथे प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकायला हवी. तीन-तीनच्या अंतराने चार सूर धर, उदाहरणार्थ पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. हा डिमिनिश्ड सातवा. चारही अंतरं सारखी असल्यामुळे त्यातल्या कुठल्याच सुराला 'मी सा' म्हणता येत नाही. कान घर शोधत राहतो आणि सापडत नाही. बारा पट्ट्यांत असे कॉर्ड वेगळे म्हणावे तर तीनच निघतात, चौथा मोजायला गेलास की पहिलाच फिरून येतो. नाटकाला हा सोन्यासारखा आहे. तोच भजनात वाजवलास तर देवासमोर संशय उभा करशील.

सिनेमाच्या चालीवर बांधलेल्या भजनांचा न्याय मात्र वेगळा. आपल्याकडे अशी भजनं पुष्कळ आहेत. मूळ गाणं करणाऱ्याने चाल आणि कॉर्ड एकत्रच विचारात घेतलेले असतात. तिथे सा-प धरून बसलास तर चाल उघडी पडते. अशा वेळी मूळ गाणं ऐक, खर्जातलं बेस गिटार कुठल्या सुरावर जातं ते गुणगुणून शोध. बहुतेक वेळा तोच कॉर्डचा मूळ सूर असतो. मग वर चार-तीन लावून पाहा, नाही जुळलं तर तीन-चार. कान होय-नाही लगेच सांगतो. उलट भैरव, तोडी, मारवा यांच्या अंगाने जाणारा अभंग असेल तर कॉर्डचा विचारही करू नको. भैरवात कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली जी मोठी उडी आहे तिच्यात कॉर्ड नीट बसतच नाहीत. मारव्यात तर पंचमच नाही, सा-प सुद्धा धरता येत नाही. नुसता सा, तोही हलका. सामुदायिक प्रार्थनेतही माझं मत असंच आहे. गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची प्रार्थना सगळं गाव एका सुरात म्हणतं. तिथे एकच सूर धर आणि तो अचूक धर.

खंजिरीच्या भजनात चाल द्रुत होते तेव्हा कॉर्ड आणखी कमी कर. खंजिरीचा कडकडाट आणि लांबलेले कॉर्ड एकमेकांत मिसळून गोंगाट होतो. तिथे समेला सा-प चा छोटा ठोका देऊन बोटं उचलायची.

कीबोर्डवरची दोन बटणं आजच बंद कर. एक, ऑटो ऱ्हिदम, ज्यात डाव्या हाताने कॉर्ड धरला की मशीन स्वतःच ढोलकी आणि बेस वाजवायला लागतं. तो बेस तुला न विचारता पंचमावर, गंधारावर जातो आणि सा हलवतो. दुसरं, पियानोचा आवाज. भजनात तो खिळे ठोकल्यासारखा लागतो. स्ट्रिंग्ज किंवा ऑर्गनचा मऊ आवाज निवड आणि आवाजाची पातळी अशी ठेव की तू थांबलास तर लोकांना काहीतरी गेलं असं वाटावं, पण वाजवत असताना वेगळं ऐकू येऊ नये. ट्रान्सपोज वापरून सगळं पांढरी एकमध्ये वाजवायची सवय मात्र लावून घेऊ नको. मंडळाची पेटी शेजारी काळी एकला चालू असते आणि तुझा हात दुसरीकडे, मग पेटीवाल्याच्या बोटांकडे पाहून चाल उचलता येत नाही. काळी एक पक्की झाली की काळी चारही बसव, बायांच्या मंडळात ती किंवा काळी पाच लागते.

थिअरी म्हणून एवढंच घोक: चार-तीन, तीन-चार, आणि तुमच्या मंडळात जास्त चालणाऱ्या थाटांचे, म्हणजे रागांच्या सात सुरांच्या ठरलेल्या संचांचे, कॉर्ड. बिलावल, खमाज, काफी, भैरवी झाले की बरीचशी भजनं आटोपतात. प्रत्येक थाटात सातही सुरांवर एक सूर सोडून एक असं तिघं-तिघं धरून पाहा आणि कोणता मेजर, कोणता मायनर निघतो ते स्वतः वहीत लिही. खमाजात पंचमाचा कॉर्ड मायनर निघेल, कारण नी कोमल आहे. तिथेही भैरवीसारखीच ठेच लागते. खमाजाची चाल कोमल नी घेऊन उतरत असताना पंचमाचा मेजर धरायचा नाही. वर चढताना शुद्ध नी आला तर चालतो.

पेटी सोडू नको. कॉर्ड नीट लावायला आधी चाल पुरती पोटात असावी लागते, आणि ती पेटीवर गाणाऱ्याच्या मागे-मागे जाऊनच बसते. मंडळात पेटी तूच वाजवत असशील तर सध्या कीबोर्ड घरीच असू दे. घरी त्यावर वरची काफीची ओळ बसव. मंडळात पेटीवर अंगठ्याने सा धरून चाल वाजवायला लाग. दुसरा पेटीवाला तयार झाला की तू कीबोर्डवर बस. पहिल्या दिवशी अख्ख्या भजनात फक्त सा-प धर आणि समोरच्या म्हाताऱ्यांकडे पाहा. ते काही बोलले नाहीत तर पुढच्या एकादशीला एका ओळीच्या शेवटी निषादाचा कॉर्ड घालून बघ.

तुमच्या भैरवीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाठव. कीबोर्डशिवाय, नुसत्या गळ्याचं आणि टाळाचं. गायक शुद्ध रे कुठे लावतो ते ऐकून कोणत्या ओळीत कॉर्ड धरायचे आणि कुठे सोडायचे, हे मी ओळीनुसार सांगतो.